जुने पीसी (एक्सटी ते ४८६): दुरुस्ती आणि आतला मराठी मजकूर वाचवणं, इंदूर

#१ मालवा_४८६

इंदुरात रामबाग, नारायण बाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या बाजूच्या घरांत, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत अजूनही एक्सटी, २८६, ३८६, ४८६ पडलेले सापडतात. भंगारवाला ते वजनावर नेतो. पण आतल्या डिस्कवर सभासदांच्या याद्या, स्मरणिकांचा मजकूर, नाटकांच्या टंकलिखित संहिता असं काही असू शकतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. त्यासाठी हा धागा. यंत्र दुरुस्त झालं तर आनंदच, पण आधी मजकूर बाहेर काढायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "चालू होतंय का बघू" म्हणून प्लग लावू नका. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या यंत्राला थेट २३० व्होल्ट दिले तर एसएमपीएसमधला (वीजपुरवठ्याच्या डब्यातला) कागदी फिल्टर कपॅसिटर फुटून खोलीभर धूर होऊ शकतो. मदरबोर्डवरचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊ शकतो. हार्ड डिस्क अडखळत फिरली तर हेड पृष्ठभाग खरवडतं, आणि तो मजकूर मग कोणीच परत आणू शकत नाही.

क्रम असा ठेवा. कव्हर काढा. प्रत्येक कार्ड, प्रत्येक केबल, प्रत्येक जंपर दिसेल असे फोटो घ्या. हार्ड डिस्कच्या लेबलचा वेगळा फोटो घ्या, त्यावरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे पुढे लागतात. मग बॅटरी काढा, मग डिस्क बाहेर काढा. बोर्ड आणि एसएमपीएसला हात त्यानंतर.

बॅटरी म्हणजे बोर्डाच्या कडेला, बहुधा कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकात गुंडाळलेली नि-कॅड, ३.६ व्होल्टची. ती गळलेली असण्याचीच शक्यता जास्त. गळलेला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतो, म्हणजे अल्कली. तो हिरव्या लेपाखालून सरकत जातो आणि तांबं खातो, त्यामुळे वरून दिसणाऱ्या डागापेक्षा नुकसान नेहमी मोठं असतं. साइड कटरनं बॅटरीचे पाय तोडा, बोर्डावर जोर देऊन उपटू नका, खालचे पॅड निघून येतात.

#२ तांब्याची_तार

वरच्या क्रमाला पूर्ण सहमती. साफसफाईचं जरा नीट लिहितो, कारण इथे सर्रास उलटं होतं.

गाडीच्या बॅटरीची सवय म्हणून लोक खाण्याचा सोडा लावतात. सोडा आम्लाच्या गळतीवर चालतो. इथे गळती अल्कलीची आहे, तिला सौम्य आम्ल हवं. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, कानाच्या काडीनं फक्त डागाच्या भागावर. बुडबुडे येतात ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेल्या कार्बोनेटचे. बुडबुडे थांबले की लगेच धुवायचं, व्हिनेगर बोर्डावर राहिलं तर तेही तांबं खातं. लिंबाचा रस वापरू नका, त्यातली साखर आणि चोथा मागे राहतो.

धुण्यासाठी नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार मागे ठेवतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या. त्यानंतर ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश. हातांचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बरेचदा ग्लिसरीन असतं. बोर्ड सावलीत, पंख्याखाली, उभा ठेवून पूर्ण दिवस वाळवा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकण्याचा मोह होतो, तो टाळा: स्लॉटचं प्लास्टिक वाकतं.

नंतर भिंगाखाली बघा. जिथे हिरवा लेप काळसर किंवा फुगलेला दिसतो तिथे तो धारदार पात्यानं खरवडून चकचकीत तांबं दिसेपर्यंत जा. तांबं काळं असेल तर त्यावर सोल्डर धरत नाही. फ्लक्स लावून ६३/३७ च्या शिशाच्या सोल्डरनं ट्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेवर, पातळ थर द्या, आयर्न ३३० ते ३५० अंशांवर. ट्रेस तुटलेला असेल तर ३० गेजची वायर-रॅप तार एका छिद्रापासून थेट चिपच्या पायापर्यंत ओढा. अर्ध्या इंचाचं ठिगळ लावलं तर शेजारचा कुजत आलेला भाग नंतर तुटतो.

गळतीचा पहिला मार कीबोर्ड कंट्रोलरवर बसतो, ८०४२ जातीची ४० पायांची चिप, बहुधा सॉकेटमध्ये. चिप शाबूत असते, सॉकेटचे आतले पत्रे गंजतात. चिप काढून सॉकेटच बदला. कीबोर्डच्या ५ व्होल्टच्या वाटेवर एक छोटा फ्यूज असतो, रेझिस्टरसारखा दिसतो, तोही मीटरवर तपासा. बोर्ड सुरू होतो पण कीबोर्ड मेलेला, या तक्रारीचं मूळ बरेचदा या दोन जागांत असतं.

#३ रामबाग_वाचक

नमस्कार. एका संस्थेच्या कपाटातलं ३८६ माझ्याकडे आलं आहे. अजून वीज दिलेली नाही. बॅटरीखाली हिरवी भुकटी आहे. आत ४० एमबीची आयडीई डिस्क, एक लांब कार्ड ज्यावर "जिस्ट" असं लिहिलंय, आणि सोबत ५.२५ इंची फ्लॉपींचा डबा. बऱ्याच फ्लॉपींवर पांढरे ठिपके आहेत. यूएसबीला जोडायची आयडीई केबल आहे माझ्याकडे, तिनं डिस्क वाचून घेऊ का? आणि फ्लॉपी आधी की डिस्क आधी?

#४ मालवा_४८६

ताई, त्या केबलनं नको. ४० एमबीच्या काळातल्या आयडीई डिस्क फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर या पत्त्यानं चालतात. बाजारातले बहुतेक यूएसबी अडॅप्टर एलबीए पत्त्यावर (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) चालतात, ते अशी डिस्क ओळखत नाहीत, किंवा चुकीचा आकार दाखवतात. बोर्डावरच आयडीई पोर्ट असलेला पेंटियम ३ किंवा ४ चा डेस्कटॉप मिळवा, तसे अजून सहज मिळतात. त्यावर लिनक्स पेनड्राइव्हवरून किंवा सीडीवरून सुरू करा. विंडोजला ही डिस्क दाखवू नका, ते न विचारता डिस्कवर लिहितं.

साधन डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची प्रत काढणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे खराब जागी न रेंगाळता जे सहज वाचतं ते सगळं आधी हाती येतं. नोंदीची मॅप फाइल द्यायला विसरू नका. दुसऱ्या फेरीत ‘आर ३’ देऊन उरलेल्या सेक्टरांवर तीनदा प्रयत्न. डिस्क निरोगी असेल तर ४० एमबी काही मिनिटांत होतं. प्रत झाली की शा-२५६ (प्रत बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढून ठेवा, डिस्कचं कनेक्शन काढा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा.

डिस्क फिरतच नसेल तर आवाज ऐका. बारीक गुणगुण येऊन थांबत असेल तर हेड चिकटलंय. डिस्क आडवी हातात धरून, वीज चालू असताना, तबकड्यांच्या अक्षाभोवती मनगटानं एक झटपट पीळ द्यायचा. ठोकायचं नाही, उघडायचं नाही. फिरली की ती पुन्हा बंद करू नका, तिथेच प्रत घ्या.

डिस्क आधी, फ्लॉपी नंतर. फ्लॉपी थोडा काळ थांबू शकतात, फक्त कोरड्या ठेवा.

#५ वर्तुळफीत

फ्लॉपींवरचे ठिपके म्हणजे बुरशी. त्या तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या तर हेडवर बुरशी घासली जाते, त्याखालचा ऑक्साइडचा थर निघतो, आणि तेच हेड पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडतं. म्हणून बुरशीच्या फ्लॉपी आधी वेगळ्या पिशवीत काढा. हे काम उघड्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालून.

हलकी बुरशी असेल तर मधल्या भोकातून तबकडी बोटानं हळू फिरवत, हेडच्या खिडकीतून धागे न सुटणाऱ्या काडीनं पुसा. आधी आतल्या कडेजवळ चाचणी घ्या, तिथे मजकूर नसतो. काही फ्लॉपींचा लेप अल्कोहोलला विरघळतो. काडीवर तपकिरी रंग आला तर अल्कोहोल सोडा आणि डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब वापरा. जास्त बुरशी असेल तर जाकीटची वरची कड कापून तबकडी बाहेर काढा, त्याच पाण्यात बोटांच्या टोकांनी धुवा, डिस्टिल्ड पाण्यात खळबळा, कडेनं धरून वाळवा आणि दुसऱ्या चांगल्या रिकाम्या जाकिटात घाला. कुठली तबकडी कुठल्या लेबलची हे लगेच लिहा.

वाचण्यासाठी १.२ एमबीचा ५.२५ इंची ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल बोर्ड. हा बोर्ड सेक्टर वाचत बसत नाही, चुंबकीय बदलांमधला वेळच नोंदवतो. त्यामुळे आज न वाचणारा सेक्टर पुढे जास्त चांगल्या सॉफ्टवेअरनं त्याच नोंदीतून निघू शकतो, फ्लॉपी पुन्हा न घासता. प्रत्येक ट्रॅकच्या तीन ते पाच फेऱ्या घ्या. ३६० केबीच्या फ्लॉपीला ४० ट्रॅक असतात आणि ड्राइव्ह ८० चा, म्हणून दुहेरी पाऊल (हेड एका वेळी दोन ट्रॅक सरकवणं) लावावं लागतं, नाहीतर प्रत्येक ट्रॅक दोनदा येतो. आणि १.२ एमबीच्या ड्राइव्हमधून ३६० केबीच्या फ्लॉपीवर काही लिहू नका. त्याचं हेड अरुंद आहे, जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी लिहितं, मग जुन्या ड्राइव्हला दोन्ही मिसळून दिसतं.

५.२५ ची खाच चिकटपट्टीनं झाकली की लेखन बंद होतं. पट्टी अपारदर्शक हवी, पारदर्शक टेपमधून सेन्सरला उजेड दिसतो. ३.५ ला उलट: भोक उघडं असेल तर लेखन बंद.

सेक्टर प्रत बरोबर आली की नाही ते आकारावरून कळतं. ३६० केबी म्हणजे ३,६८,६४० बाइट, १.२ एमबी म्हणजे १२,२८,८००, ७२० केबी म्हणजे ७,३७,२८०, १.४४ एमबी म्हणजे १४,७४,५६०. एकही बाइट कमी असेल तर प्रत अपुरी आहे. पण फक्त सेक्टर प्रतीवर थांबू नका, मूळ नोंद फाइलही ठेवा. तीन फेऱ्यांची ३६० केबीची नोंद साधारण २० एमबी होते, आज त्याला काहीच जागा लागत नाही.

प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड अल्कोहोलनं पुसायचं. फ्लॉपी फिरताना कुईकुई आवाज आला तर तत्काळ थांबा.

#६ बडोद्याची_डिस्क

इथे बडोद्यात पावसाळ्यात हवा फार दमट असते, तुमच्या इंदुरातही जुलै ते सप्टेंबर फार वेगळं नाही. धुतलेल्या फ्लॉपी सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात, उभ्या. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे ओलं झालेलं कळतं.

अजून एक. त्या काळच्या पुष्कळ डीटीपी आणि हिशेबाच्या पॅकेजांना "की फ्लॉपी" असायची, मुद्दाम विचित्र लिहिलेल्या सेक्टरांची. साध्या सेक्टर प्रतीत ते सेक्टर ‘खराब’ म्हणून गळतात आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अशा फ्लॉपीची वेळेची नोंद हीच खरी प्रत. काही पॅकेजांना प्रिंटर पोर्टवर लावायचं लॉक असायचं. कपाटात २५ पिनांचा छोटा डबा पडलेला दिसला तर "हे काय कनेक्टर" म्हणून टाकू नका, त्यावर चिठ्ठी लावून सॉफ्टवेअरसोबत ठेवा.

#७ रामबाग_वाचक

डिस्कची प्रत निघाली, एकही खराब सेक्टर नाही. आकार ४२ एमबीच्या आसपास आला. दोन प्रश्न. एक, यंत्र मूळ स्थितीत सुरू करायचं तर एसएमपीएस कसा तपासू? दोन, बॅटरी काढल्यावर सीमॉसमधलं (बॅटरीवर टिकणाऱ्या सेटिंगमधलं) सगळं गेलं असणार, डिस्कचा प्रकार काय द्यायचा?

#८ तांब्याची_तार

एसएमपीएसचं आधी. प्लग काढलेला असूनही आतले दोन मोठे कपॅसिटर मिळून ३०० व्होल्टच्या वर धरून असू शकतात. १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबनं त्यांच्यावर धरा, मग मीटरनं शून्याजवळ आलंय याची खात्री करा. ज्यांनी मेन्सच्या बाजूचं काम कधी केलं नाही त्यांनी हा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावा, यात कमीपणा काही नाही.

मेन्स फिल्टरमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर असतील आणि त्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ते धूर करणारे. ०.१ मायक्रोफॅरड, एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा पॉलिप्रॉपिलीन घाला. अर्थला जाणारे छोटे कपॅसिटर वाय-२ वर्गाचेच हवेत, तिथे साधा घालणं धोक्याचं आहे. मागच्या बाजूचा ११५/२३० चा खटका २३० वरच आहे ना ते बघा.

मग मालिकेत ६० वॅटचा पिवळा बल्ब, म्हणजे आपला सिरीज लॅम्प. एसएमपीएस रिकामा सुरू करायचा नाही, त्याला भार लागतो: ५ व्होल्टवर ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, १२ व्होल्टवर गाडीच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, लाकडावर ठेवू नका. सिरीज लॅम्प क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेला राहिला तर आत शॉर्ट. शॉर्ट नाही हे कळल्यावर सिरीज लॅम्प काढून मोजा. लाल तार ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६. केशरी तार म्हणजे पॉवर गुड, ती सुरू झाल्यावर क्षणात ५ च्या जवळ जायला हवी. ती खाली राहिली तर बोर्ड रिसेटमध्येच अडकतो आणि लोक विनाकारण मदरबोर्डला दोष देतात.

बोर्डाला जोडताना पी-८ आणि पी-९ दोन्ही कनेक्टरच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून. उलटं लावलं तर बोर्ड जातो.

जोडण्याआधी बोर्डावरचे टँटलम तपासा. आयएसए स्लॉटच्या बी बाजूचा पहिला पिन ग्राउंड, तिसरा ५ व्होल्ट, नववा १२ व्होल्ट. एसएमपीएस न जोडता ग्राउंड आणि नवव्यात मीटर लावा. एक-दोन ओहम दिसले तर १२ व्होल्टवरचा एखादा टँटलम शॉर्ट आहे. तिथे मुळात १६ व्होल्टचे लावलेले असतात, फार काठावर. बदलताना २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. आणि टँटलमवरची पट्टी धन बाजू दाखवते, इलेक्ट्रोलिटिकवरची ऋण. यात गल्लत झाली तर नवा टँटलम पेट घेतो.

#९ मालवा_४८६

सीमॉसबद्दल. लेबलवरचे आकडे घ्या, बायॉसमध्ये (बोर्डावरच्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘युजर टाइप’ असेल (एएमआय बायॉसमध्ये बहुधा ४७) तर ते तिथे भरा. नसेल तर यादीत नेमका तोच प्रकार शोधा. चुकीचे आकडे दिल्यावर डिस्क रिकामी किंवा विस्कटलेली दिसते, मजकूर मात्र जागेवरच असतो. त्या अवस्थेत "फॉरमॅट करू का" याला हो म्हणू नका. शक्य असेल तर मूळ डिस्क आता यंत्रात परत लावूच नका. आयडीई-सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड) अडॅप्टर घालून प्रत कार्डवर उतरवा आणि त्यावर यंत्र चालवा. कार्डचे आकडे मूळ डिस्कशी जुळत नसतील तर नवं पार्टिशन करून फायली कॉपी करा. जुन्या बायॉसला १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर म्हणजे ५०४ एमबीच्या पुढे दिसत नाही.

नव्या बॅटरीसाठी नि-कॅडच्या जागी थेट नाणे सेल सोल्डर करू नका. तिथे चार्जिंगची वाट आहे, चार्ज झालेला लिथियम सेल फुगतो किंवा फुटतो. बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचं हेडर आणि जंपर असेल तर तीन पेन्सिल सेलचं होल्डर, ४.५ व्होल्ट, लांब तारेवर बोर्डापासून दूर. हेडर नसेल तर मूळ जागीच तार जोडा, पण वाटेत एक १एन५८१७ डायोड घाला.

काही ४८६ बोर्डांत बॅटरीच दिसत नाही. तिथे डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ हा काळा उंच ठोकळा असतो, सेल त्याच्या आत. १६ आणि २० क्रमांकाच्या पायांवरचं एपॉक्सी घासून आतल्या सेलची वाट तोडायची आणि २० ला धन, १६ ला ऋण असं ३ व्होल्टचं नाणे सेल होल्डर जोडायचं.

ज्यांच्याकडे डिस्कला दोन पट्ट्या आहेत, ३४ आणि २० पिनांची, ती आयडीई नव्हे, एमएफएम किंवा आरएलएल या जुन्या जातीची. डिस्क आणि तिचं कंट्रोलर कार्ड ही जोडी कधीही फोडू नका, एकानं लिहिलेलं दुसऱ्या जातीचं कार्ड वाचत नाही. डॉसच्या डीबग प्रोग्रॅममधून ‘जी=सी८००:५’ देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. ते लो-लेव्हल फॉरमॅट आहे, सगळं पुसतं.

#१० वर्तुळफीत

प्रतींमध्ये व्हायरस निघाले तर घाबरू नका आणि साफही करू नका. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ बूट सेक्टरमध्ये बसतो. ५ जानेवारीला यंत्र अडकवून "हॅपी बर्थडे जोशी" टंकायला लावतो, टंकलं की पुढे जातं. मूळ प्रत आहे तशी राहू द्या, नोंदवहीत लिहा, आणि कामाची वेगळी प्रत करून ती ८६बॉक्समध्ये (जुन्या पीसीची नक्कल करणारा एम्युलेटर) चालवा.

#११ रामबाग_वाचक

यंत्र सुरू झालं, कीबोर्डही चालतो. डिस्कवर सभासदांची यादी डीबीएफ (डीबेसच्या तक्त्यांच्या) फायलींत आणि इतिवृत्तं वर्डस्टार या लेखन-प्रोग्रॅमच्या फायलींत आहेत. आजच्या लॅपटॉपवर उघडली की नुसती उच्चारचिन्हं लावलेली इंग्रजी अक्षरं दिसतात.

#१२ इस्की_ते_युनिकोड

म्हणजे मजकूर शाबूत आहे. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टंकलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो. मानक आयएस १३१९४, १९९१ चं. प्रत्येक वर्णाला एकच बाइट, वरच्या १२८ जागांत. खात्री करायची असेल तर हेक्स एडिटरमध्ये बघा: ‘क’ म्हणजे बी३, ‘ळ’ म्हणजे डी२, हलन्त म्हणजे ई८. संस्थेचं नाव किंवा "सभासद" असा ठरलेला शब्द शोधून बाइट जुळवून बघा.

रूपांतराला आयसीयू या युनिकोड संचातला यूकॉन्व्ह प्रोग्रॅम वापरा, मूळ संकेत ‘आयएससीआयआय, व्हर्जन=०’, शून्य म्हणजे देवनागरी. निकाल यूटीएफ-८.

वर्डस्टारबद्दल मात्र फार सावध राहा. इंग्रजी मार्गदर्शकांत सांगतात की वर्डस्टार फाइलमधला प्रत्येक बाइटचा आठवा बिट काढून टाका. मराठी फाइलवर हे केलंत तर सगळी मराठी जाईल, कारण इस्की त्याच बिटवर उभा आहे. आधी हेक्समध्ये ८डी ०ए अशी जोडी ओळींच्या शेवटी दिसते का बघा. दिसली तर फाइल डॉक्युमेंट मोडची, तिथे फक्त ८डी च्या जागी ०डी करा, बाकीच्या बिटांना हात लावू नका. नुसतं ०डी ०ए असेल तर नॉन-डॉक्युमेंट, थेट रूपांतर करा.

डीबीएफला थेट यूटीएफ-८ करू नका. त्यात प्रत्येक रकान्याची लांबी बाइटमध्ये ठरलेली असते. इस्कीत एका वर्णाला एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीला तीन. २० चा रकाना ६० चा होतो आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. पायथनच्या डीबीएफरीड लायब्ररीनं संकेत आयएसओ ८८५९-१ देऊन उघडा, सीएसव्ही त्याच संकेतात लिहा, मग ती सीएसव्ही यूकॉन्व्हमधून काढा.

डीबीएफमध्ये पुसलेल्या नोंदीही असतात. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट रिकामी जागा असेल तर चालू, तारका असेल तर पुसलेली. ‘पॅक’ (पुसलेल्या नोंदी कायमच्या काढणारी आज्ञा) केलं नसेल तर सोडून गेलेले, दिवंगत सभासद तिथेच असतात. संस्थेच्या इतिहासाला त्यांचं मोल आहे, वेगळ्या फायलीत काढा.

#१३ बडोद्याची_डिस्क

छापखान्यांच्या डिस्कवर इस्की फारसा मिळत नाही. पेजमेकर, व्हेंचुरा आणि फाँटच्या संकेतातला मजकूर मिळतो. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर, आणि ‘प’ सुद्धा अर्धा प अधिक काना असा. त्यामुळे ज्या फाँटवर टंकलं तोच फाँट लागतो. विंडोज ३.१ असेल तर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधले टीटीएफ आणि एफओटी सगळे उचला. फाँटशिवाय पानाची मांडणी परत मिळत नाही. एम्युलेटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर बसवून ‘फाइल’ पोर्टवर छापा आणि गोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ करा. पान जसं छापलं होतं तसं मिळतं. मजकूर शोधण्याजोगा करायचं काम नंतर, वेगळं.

कायद्याचं विचारतात म्हणून: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) प्रमाणे ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला नाश किंवा नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप घेता येतो. ती प्रत सगळ्यांना वाटण्याची परवानगी त्यात नाही. आणि सभासदांचे पत्ते-फोन असलेली यादी इंटरनेटवर टाकायची नाही, कितीही जुनी असली तरी.

#१४ मालवा_४८६

केस पिवळी पडली म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं विचारणारे दोन-तीन जण आहेत. माझं मत नको असं. रंग परत पिवळा होतो, क्रीम असमान लागलं तर ढगांसारखे डाग राहतात, आणि संस्थेची मालमत्ता क्रमांकाची रंगवलेली पाटी जाते. साबणाचं पाणी पुरे. मोनोक्रोम मॉनिटर उघडायचा विचारही एकट्यानं करू नका, पिक्चर ट्यूबचा अॅनोड बंद केल्यावरही हजारो व्होल्ट धरून राहू शकतो.

बायॉसच्या ईप्रॉम चिपांचीही प्रत घ्या. २८६-३८६ मध्ये बहुधा दोन २७सी२५६ असतात, एकीत सम पत्ते, एकीत विषम. प्रोग्रॅमरवर प्रत्येक चिप दोनदा वाचा, दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच ठेवा. चिपच्या काचेच्या खिडकीवरचा (तिथून अतिनील उजेडानं मजकूर पुसला जातो) स्टिकर गेला असेल तर नवा अपारदर्शक लावा. जिस्ट कार्डवरच्या रॉमचंही हेच, अशी कार्डं आता फार थोडी उरली आहेत.

#१५ रामबाग_वाचक

सगळं युनिकोडमध्ये आलं, इतिवृत्तं वाचता येतायत! एक अडचण. "दुसऱ्या" असं शोधलं की काहीच ठिकाणं सापडतात, बाकीची डोळ्यांना तशीच दिसतात पण शोधात येत नाहीत.

#१६ इस्की_ते_युनिकोड

ताई, टंकणाऱ्यांनी अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकलाय. काहींनी इस्कीतला ऱ, म्हणजे डी०, आणि त्यावर हलन्त. काहींनी साधा र, हलन्त आणि नुक्ता, म्हणजे सीएफ ई८ ई९. इस्कीत हलन्तानंतरचा नुक्ता म्हणजे मऊ हलन्त, त्याचं युनिकोडमध्ये हलन्त अधिक अदृश्य जोडचिन्ह होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे.

मूळ रूपांतरित फायलींना हात लावू नका. त्यांची शोधासाठी वेगळी प्रत करा आणि तिच्यात र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (युनिकोड २००डी) या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. त्याच फेरीत हलन्तानंतरचं २००सी बघून घ्या, ते लागोपाठ दोन हलन्त टंकलेल्या ठिकाणी येतं. आणि फायलीच्या शेवटी १ए बाइट दिसला तर तो डॉसचा समाप्ती खुणेचा, काढून टाका, नाहीतर फायली एकत्र जोडताना मध्येच कचरा येईल.